घुरघुर

ओल्या कापसावर ते काळे कण टेकवले की हळूहळू लाल होतात. ती पिसवांची विष्ठा असते, म्हणजे आमच्या ठकीचंच रक्त. महिनाभर मी तिच्या गादीवरून ते धूळ समजून झटकत होते. "मांजर आहे, खाजवणारच," असं नवऱ्याला मीच सांगत होते.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेवरचे केस बाजूला केले. खाली कातडी सोलवटलेली होती.

"अहो, पण ती रोज माझ्या मांडीवर घुरघुरायची," मी म्हणाले.

"दुखत असलं तरी मांजरं घुरघुरतात," औषध लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आई दर रविवारी फोनवर "माझं छान चाललंय गं" म्हणते आणि मी निर्धास्त होऊन फोन ठेवते. या रविवारी मी "खरंच ना?" असं विचारलं. त्यावर ती म्हणाली, "तुझं कसं चाललंय?"

आता रोज सकाळी उन्हात बसून मी ठकीला बारीक दातांच्या फणीने विंचरते. सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवते. फणी जखमेजवळ गेली की तिचं अंग थरथरतं, पण ती उठून जात नाही. डोळे मिटते आणि घुरघुरायला लागते.

पूर्वी त्या आवाजावर मला डुलकी लागायची. आता तो सुरू झाला की माझा हात थांबतो.