हंड्यावरचा पोचा

मॅकफेड्रनांच्या भट्टीची कीर्ती गाणारे इथे पुष्कळ आहेत. आजोबाने डोंगरात लपून व्हिस्की गाळली, बापाने परवाना काढला, नातू हेक्टरने नाव कमावलं. एफीचं नाव त्यात कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. बावीस वर्षं ती त्यांचे तांब्याचे हंडे घासत होती.

त्याआधी तिचा नवरा लाखलन त्याच हंड्यांखाली कोळसा घालायचा. एकदा आच जास्त झाली, हंडा उतू गेला. हेक्टरने कोळशाचं फावडं उचललं आणि लाखलनच्या डोक्यात घातलं. ते तसंच पुढे हंड्यावर आदळलं, तांब्याला पोचा पडला. लाखलन तिसऱ्या दिवशी गेला. पोलिसाला सगळ्यांनी सांगितलं, पाय घसरला. मीही सांगितलं. माझं घरही भट्टीच्याच मालकीचं होतं.

एफीचं घर राहिलं, वर हंडे घासायचं काम मिळालं. मॅकफेड्रन याला दया म्हणत. त्या वर्षीची व्हिस्की अशी काही उतरली की ग्लासगोचे व्यापारी दारात येऊन बसले. हा त्या पोच्याचाच गुण, असं हेक्टर मरेपर्यंत सांगत राहिला. लाज कशाशी खातात हे त्या घराण्याला माहीतच नव्हतं.

"डूगल, हा हंडा एकदा मोडीत जाऊ दे," एफी मला म्हणायची. "मग मी मेले तरी चालेल."

यंदा हंडा झिजून गळायला लागला. नवा आला, गुळगुळीत. आमच्याकडे जुन्यावरचे सगळे पोचे मोजून नव्यावर ठोकतात, नाहीतर चव बदलते म्हणे. एफीला हे ठाऊक होतं. पण तो एक तरी सोडतील, अशी वेडीला आशा होती. हेक्टरच्या मुलापुढे, रॅनाल्डपुढे, तिने हात जोडले.

"मालक, बाकीचे ठोका. एवढा एक नको."

"वा! आणि चव बिघडली तर? भट्टी बसेल, बाई. मग तू राहशील कुठे?" रॅनाल्ड म्हणाला. "उलट तूच इथे थांब. तुझ्या बोटांना तो पाठ आहे. बरोबर झाला की सांग."

तांबटाने हातोडा मारला. एफीने बोटं फिरवली. आम्ही सगळे कामं टाकून बघत होतो.

"उथळ आहे," ती म्हणाली.

त्याने पुन्हा मारला.

"अजून उथळ. जोरात मार की रे! याच्या बापाने माझ्या नवऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं, ते काय असं हळू घातलं होतं?"

भट्टीत ते पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं होतं. तांबट हातोडा खाली करून रॅनाल्डकडे बघायला लागला. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

"ऐकलंस ना ती काय म्हणाली?" रॅनाल्ड तांबटाला म्हणाला. "जोरात मार."