मी लिहिलेली शुद्ध कमेंट

आयुष्यातली पहिली कमेंट मी माझ्या नातीच्या व्हिडिओखाली लिहिली. तिची बाजू घ्यायला गेले आणि नेमकी तिला छळणाऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसले. चष्मा पुसून, एकेक अक्षर शोधत, जोडाक्षरांशी झटापट करत लिहिली होती. इतक्या मेहनतीनं दुसरा मूर्खपणा मी केला नसेल.

नात सांगलीत आमच्याकडे राहून कॉलेज करते. सुट्टीत ती कोरेगावजवळ माझ्या माहेरी, भावजयीकडे जायची. भावजयीकडे नवा फोन होता, पण गॅसचा नंबर लावायचा म्हणजे शेजाऱ्यांच्या विनवण्या. नातीनं तिला तिच्याच बोलीत समजावलं, ते रेकॉर्ड केलं आणि टाकलं. मग बायका विचारत गेल्या, ही सांगत गेली: हितं बोट लावायचं, पिन कुणाला द्यायचा न्हाई, भ्यायचं न्हाई.

एक व्हिडिओ कुठल्या कुठं पोचला आणि खाली घाण सुरू झाली. शेणातली भाषा. ऊस तोडणाऱ्यांना फोन कशाला? तोंड उघडलं की जात कळते. कुणीतरी तिच्या आवाजाला म्हशीचं रेकणं जोडलं, आणि ते तिच्या वर्गातल्या पोरांनीच एकमेकांना पाठवलं. लिहिणारे बहुतेक तिच्याच वयाचे. स्वतःच्या फोटोच्या जागी वाघ, नाहीतर तलवार.

मग मी धावले. लिहिलं, 'आमच्या घरात सर्व जण शुद्ध मराठी बोलतात. माझी नात अशी मुळीच नाही. ती केवळ नक्कल करते.' वाघ-तलवारवाल्यांनी त्या कमेंटला लाल बदाम दिले. मी खूश!

नातीनं वाचलं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे त्यांचं बरोबर आहे म्हण की." आता काही टाकणार नाही, असंही तिनं सांगून टाकलं. जेवताना तोलूनमापून 'आहे', 'नाही' करायला लागली. तो स्वर मी ओळखला. माझाच होता.

मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा मी 'हाय' म्हटलं की नणंदा तोंडाला पदर लावायच्या. मग मी मोरीत नळ मोठा सोडून 'आहे, नाही, केव्हा' घोकायचे. अशी तयार झाले की दिवाळीला न्यायला आलेला भाऊ "आक्के, कवा निघायचं?" म्हणाला, तर त्यालाच 'केव्हा' म्हणायला लावलं. बिचारा एसटीत कोरेगावपर्यंत गप्प बसला. आणि बाईसाहेब खिडकीतून रुबाबात बाहेर बघत होत्या. नणंदांनी पदराआड तरी हसून घेतलं. मी भावाला तोंडावर सुनावलं.

दुसऱ्या दिवशी नातीला म्हटलं, फोन धर, मी बोलते. ती म्हणाली, तुलाही सोडणार नाहीत. मी म्हटलं, नणंदांच्या हाताखालून निघालेली बाई मी, फोटोतल्या वाघांना भिते होय?

आणि बोलले, "मी हिची आज्जी. त्या व्हिडिओखाली शुद्ध लिवलंय ते मीच. ते खोटं हाय. ही नक्कल करत न्हाई. ही माज्या माहेरची बोली हाय, आन मी ती लाजून टाकली हुती. हसायचं आसंल तर मला हसा, मला सवय हाय. आन बायांनो, गॅसचा नंबर कसा लावायचा ते बगा आता."

आणि लावून दाखवला.

शिव्या आल्याच. एकानं लिहिलं, म्हातारीची जायची वेळ झाली. त्याच्या बरोबर खाली माझ्या भावजयीनं तिच्या आयुष्यातली पहिली कमेंट टाकली होती: 'वन्सं, माजा बी लागला नंबर.'

नात कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. मग माझा व्हिडिओ तिनं पुन्हा लावला, कान देऊन ऐकला आणि मला म्हणाली, "आज्जी, तुझं 'न्हाई' अजून सासरचंच वाटतंय. उद्या परत घेऊ. आन या बारीला मी बी बसती तुज्यासंगं."