मिठाच्या बर्फात ठेवलेलं इंजेक्शन

माझं तोंड फटकळ आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझी बाजू घेऊ नये.

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि बोटभर परतही आले. तरी एक इंजेक्शन चालूच राहणार होतं, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या गाठीच्या पेशींवर एक प्रथिन फार जास्त आहे. त्याच्या जोरावर त्या वाढतात. हे औषध नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि वाढ अडवतं." किल्लीच्या भोकात मेण भरावं तसं काहीतरी, असं मी समजले. केमोसारखं ओकून ओकून जीव जात नव्हता, म्हणून मी खूश होते. हृदयाला त्रास होऊ शकतो म्हणून अधूनमधून इको काढायचा, एवढंच.

हे औषध आम्हालाच आणून द्यावं लागायचं. नवरा बसवर ड्रायव्हर. ड्युटी सांभाळून तो आदल्या दिवशी खोकं आणायचा, मी ते फ्रिजमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन हॉस्पिटलात जायचे. केमिस्टने पहिल्याच वेळी बजावलं होतं, फ्रिजमध्ये ठेवा, पण गोठू देऊ नका. हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही. फ्रिजमध्ये ठेवणारी मीच होते ना, त्यांना सांगायचं काय कारण?

सातव्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी नवऱ्याने खोकं सकाळीच आणलं. मी मरोळला कामावर होते. ऑपरेशननंतर मालकाने मला पॅकिंगवरून उठवून बिलं लिहायला बसवलं होतं. इकडे बिल्डिंगमध्ये वायरिंगच्या कामासाठी दिवसभर लाइट बंद. फ्रिज बंद आणि आत सुनेचं औषध. सासूबाईंनी डोकं चालवलं.

आता सासूबाईंचं डोकं म्हणजे मासळीवालीचं डोकं. सासऱ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा या बाईने अंधेरीच्या बाजारात मासळीची पाटी लावली आणि त्या पाटीवर तीन मुलं वाढवली. बर्फ हा त्यांचा विषय. त्या तडक बाजारात गेल्या, ओळखीच्या बर्फवाल्याकडून बर्फ फोडून घेतला, थर्माकोलचा डबा आणला. खोकं प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलं, डब्यात ठेवलं, वर-खाली बर्फ आणि बर्फात मूठ मूठ जाडं मीठ. मिठाने बर्फ जास्त गार पडतो, लांबच्या गिऱ्हाईकाची सुरमई अशीच जायची.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा लाइट आली होती, पण डबा तसाच. "काढू नको गो," त्या म्हणाल्या, "फ्रिजपेक्षा गार हा." मी डब्याला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "झकास." हो, मीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डबा तसाच हॉस्पिटलात नेला. सिस्टरने खोकं उघडलं. आत पावडरची बाटली आणि ती विरघळवायच्या पाण्याची वेगळी बाटली असते. पाण्याच्या बाटलीत पाणी नव्हतंच, बर्फाचा गोळा होता. सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बाटली हातात फिरवली आणि मान हलवली. असं गोठलेलं औषध चालत नाही, हे औषधही एक प्रथिनच, गोठलं की त्याचा आकार बिघडतो, मग ते कुठे चिकटणार? नवीन मागवा. चार-पाच दिवसांनी घेतलंत तरी चालेल, असंही त्या म्हणाल्या, पण ते माझ्या कानात शिरलंच नाही. गाठ परत यायला पाच दिवस पुरतात, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"बर्फात मीठ नाय घातलं तर टिकता काय गो?" सासूबाई हळूच म्हणाल्या. मग मी वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला मारायचंच असेल तर सरळ सांगा ना. हे नाटक कशाला?"

सगळ्या बायका बघत होत्या. सासूबाईंनी डबा उचलला आणि माझ्या मागोमाग बाहेर आल्या.

पुढचे दिवस त्या रोजच्यासारख्याच वागल्या. भाकऱ्या भाजल्या, माझ्या हाताला तेल चोळलं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दूध हवं असलं की त्या माझ्या मुलाला हाक मारतात, तो नसला तर बिनदुधाचा चहा पितात. फ्रिजच्या दाराला त्यांनी हात लावला नव्हता. ज्या बाईचे हात आयुष्यभर बर्फात गेले, तिला मी फ्रिज उघडायची भीती घातली. माझी मलाच लाज वाटली.

नवीन खोकं आलं तेव्हा मी ते त्यांच्यापुढे धरलं. "आई, तुम्ही ठेवा."

"नको गो. माझ्या हातात नको."

"मी चुकले," मी म्हणाले. हे दोन शब्द या घरात मी कधी बोलले नव्हते. "केमिस्टने मला सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. डब्याला हात लावून झकास मीच म्हणाले. घाबरले होते, म्हणून तुमच्यावर भुंकले." पदराला हात पुसून त्यांनी खोकं घेतलं, कुठे ठेवायचं ते दोनदा विचारलं आणि मधल्या कप्प्यात, बर्फ धरणाऱ्या मागच्या भिंतीला टेकणार नाही असं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर बाटली हलक्या हाताने फिरवत होती तेव्हा सासूबाईंनी माझ्या खाटेची कड घट्ट धरली होती. पावडर नीट विरघळली. सुई गेली, थेंब पडायला लागले. सिस्टर निघाली, तशी सासूबाईंनी तिचा हात धरला.

"बाय माझे, ही वाचतली ना?"

गाठ सापडल्यापासून हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, मुलाने नाही, मीही डॉक्टरांना नाही. असलं काय विचारता, म्हणून त्यांना गप्प करायला मी तोंड उघडलं होतं. पण मीही सिस्टरच्या तोंडाकडेच बघत राहिले.