सोळा लूम, दीड तास

गेल्या मार्गशीर्षातला पहिला रविवार. रक्कम सातशे दोन रुपये. हजर मी, आमच्या घरामागच्या पॉवरलूमच्या शेडचे मालक, म्हणजे शेठ, आणि खाटेवर त्यांचे वडील, चाचा. वडील झोपले होते, त्यामुळं त्यांना हजर धरावं की नाही अशी शंका मला तेव्हाच आली होती. ती बोलून दाखवली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

ठरलं ते असं. येत्या गुरुवारी सकाळी अकरा ते साडेबारा शेडमधले सोळाच्या सोळा लूम बंद ठेवायचे. त्या वेळात माझ्या बायकोची मुलाखत होती.

मी वळ गावातल्या एका गोदामात हिशेब बघतो. बायको सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवड्यातले दोन दिवस ती ऐरोलीच्या ऑफिसात जाते, बाकीचे दिवस आतल्या खोलीचं दार लावून बसते. सध्या तिच्या हाताखाली चौदा माणसं आहेत. नवी जागा साठ माणसांची होती. चार टीम, प्रत्येकीला एक मॅनेजर, आणि त्या चार मॅनेजरांवर ही. कंपनी बंगळूरची, काम घरूनच. तिचं वय सेहेचाळीस. "ही जागा हुकली तर पुढं मला कोणी बोलावणार नाही," असं ती एकदाच म्हणाली, मेथी निवडता निवडता, आणि पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. ती एखादी गोष्ट एकदाच बोलते तेव्हा मी ती लक्षात ठेवतो. दहादा बोलते त्या बहुतेक माझ्या चपलांबद्दल असतात.

आदल्या उन्हाळ्यात अशीच एक मुलाखत झाली होती. सुरुवात होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच समोरच्या माणसानं विचारलं, "तुम्ही कारखान्यात बसला आहात का?" आम्हाला लूमचा आवाज ऐकू येत नाही. म्हणजे येतो, पण कानाला त्याची सवय आहे. बंगळूरच्या माणसाला ती नव्हती. हिनं भिवंडी समजावून सांगितली, लूम समजावून सांगितले, आणि मूळ उत्तर कुठं सोडलं होतं तेच विसरली. ती जागा गेली. आवाजामुळं गेली असं तिचं मत. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

या वेळी शांतता पाहिजे होती. माझ्या बहिणीनं पडघ्याहून फोन केला, "वयनी, इकडं या. इथं कसलाच आवाज न्हाय." ते खरं होतं. पण तिथं नेट गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येतं, आणि साठ माणसांचा कारभार पाण्याच्या टाकीला टेकून मागणं बरं दिसलं नसतं. गोदामाचं ऑफिस मी सुचवलं, तर ही म्हणाली, "म्हणजे लूमऐवजी रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचे भोंगे." आमच्या गल्लीत लूमला शुक्रवारी सुट्टी असते. हिनं शुक्रवार मागून पाहिला. कंपनीनं गुरुवार दिला.

म्हणून मी शेठकडं गेलो. "घंटा-डेढ घंटा? करता हूँ बंद," ते लगेच म्हणाले. "भाभी का काम है. पैसे की बात मत करो, मुनीमजी." मी मुनीम नाही, हे पंधरा वर्षं सांगतोय. पण असं तोंडी मोघम मला चालत नाही. दोन्ही कारागिरांची मजुरी मीटरवर असते, त्यांनी फुकट का बसावं? मी हिशेब मांडला. सोळा लूम, तासाला सरासरी साडेचार मीटर, दीड तास, म्हणजे एकशे आठ मीटर. साडेसहाच्या दरानं सातशे दोन. त्यातून न वापरलेली वीज वजा करावी असंही मी सुचवलं. शेठनी माझ्याकडं नुसतं पाहिलं, म्हणून ती सूचना मी मागं घेतली.

"इंटरव्ह्यू भाभी का है, या मेरा?" शेठनी विचारलं.

सोमवारपासून घरी तयारी सुरू झाली. हिच्या एका मैत्रिणीनं प्रश्न काढून दिले होते. संध्याकाळच्या चहाला मी ते वाचायचे आणि हिनं उत्तरं द्यायची. मला त्यातलं सॉफ्टवेअर कळत नव्हतं. आकडे कळत होते.

"तुमच्या टीमनं खर्च किती कमी केला?" मी वाचलं.

"सुमारे वीस टक्के."

"सुमारे म्हणजे?"

"अहो, हे ऑडिट नाही."

"काल तू अठरा म्हणालीस. साठ माणसं द्यायची तर ते विचारणार ना, दोन टक्के एका रात्रीत गेले कुठं?"

तिनं लॅपटॉप उघडून पाहिलं. अठरा पूर्णांक चार निघाले. "तेवढंच सांग," मी म्हणालो, "वीसपेक्षा अठरा पूर्णांक चारवर माणूस लवकर विश्वास ठेवतो." तिनं मान डोलावली, पण वर म्हणालीच, "लग्न ठरवायला आलात तेव्हा माझ्या बाबांना पगार सांगताना तुम्ही प्रॉव्हिडंट फंड वजा करून सांगितला होतात. बाबा आत येऊन आईला म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण पगार फारच कमी."

"पण दिली ना मुलगी?"

"आईनं फंड परत मिळवून दाखवला म्हणून."

पुढचा प्रश्न होता, न ऐकणाऱ्या माणसाकडून तुम्ही काम कसं करून घेतलं. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली.

"उदाहरण ऑफिसातलं पाहिजे," मी म्हणालो.

"तेच शोधतेय. घरची फार चांगली आहेत."

बुधवारी एक प्रश्न आला: चालती सिस्टीम देखभालीसाठी बंद करायची असेल तर आधी काय काय करता? तिनं झरझर उत्तर दिलं. वेळ ठरवायची, नुकसान मोजायचं, परवानगी घ्यायची. आणि कळवायचं. नुसतं मालकाला नाही, ज्यांचं ज्यांचं त्यावाचून अडतं त्या सगळ्यांना. उत्तर मला इतकं पटलं की मी कागदावर बरोबरची खूण केली. खूण केली आणि जेवायला बसलो.

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणून हिचा उपास. पहाटेच तिनं बाहेरच्या खोलीत घट मांडला, पूजा केली, आणि पावणेअकराला चांगली साडी नेसून आत गेली. मी रजा टाकून दाराबाहेर खुर्चीवर बसलो. अकराला शेडमध्ये एकेक लूम थांबत गेला आणि शेवटचाही थांबला.

आमच्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे मला त्या दिवशी कळलं. फ्रिज कण्हतो. आतून हिचा आवाज येत होता, ठाम आणि मोकळा. मला फार बरं वाटलं. सातशे दोन रुपयांत शांतता महाग नव्हती.

सात-आठ मिनिटं झाली असतील. शेजारच्या वहिनी दारात आल्या.

"भावोजी, लाईट गेली का? पन तुमचा पंखा तं फिरतोय."

"लाईट आहे, वहिनी. हळू बोला."

हळू बोला म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "कोन गेला? शेठकडं कोन गेला?"

"कोणी नाही गेलं."

"चाचा?" असं म्हणून माझं उत्तर न ऐकताच त्या शेडकडं निघाल्या.

मी इथंच चुकलो होतो. आमच्याकडं भर दिवसा लूम थांबतात ते वीज गेली म्हणून, मंदी आली म्हणून, नाहीतर घरात मयत झाली म्हणून. वीज होती. मंदीत सगळे लूम एकदम थांबत नाहीत. उरलं तिसरं. शेजारच्या कापडाच्या घडी कारखान्यातले दोघं डोक्याला टोपी घालून शेडच्या दारात येऊन उभे राहिले. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं शटर अर्धं खाली ओढलं. शेठ सूत बघायला बाजारात गेले होते, कारागीर लांब बसस्टँडकडं चहाला, त्यामुळं सांगणारं कोणी नव्हतं. बघता बघता वीसेक माणसं जमली आणि सगळी दबक्या आवाजात बोलू लागली. वीस माणसांचं दबकं बोलणं लूमपेक्षा मोठं असतं.

तेवढ्यात शेडच्या वरच्या जिन्यावरून चाचा उतरले. शेठचे वडील. गेली पन्नास वर्षं ते लूमच्या आवाजात झोपतात, आणि आवाज थांबला की जागे होतात. घाईघाईत टोपी तिरकी बसली होती.

"किसका इंतकाल हुआ?" त्यांनी गर्दीला विचारलं.

गर्दी दोन पावलं मागं सरली. शेवटी घडी कारखान्यातला एक जण अदबीनं म्हणाला, "चाचा, आप ही का सुना था."

चाचांनी याचा क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "मुझे किसी ने बताया नहीं." आणि लगेच, "करघे किसने बंद किए?"

चहाहून परतलेल्या कारागिरांनी माझ्याकडं बोट केलं. चाचा आणि त्यांच्यामागं सगळी गर्दी आमच्या दारात आली. मी ओठांवर बोट ठेवून उभा राहिलो.

"चाचा, धीरे. अंदर इंटरव्ह्यू चालू है."

"किसका?"

"घरवाली का."

"इस उमर में?" चाचा म्हणाले. "लड़केवाले कहाँ बैठे हैं?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग सगळेच. मी हातानं शांत राहा, शांत राहा करत होतो. बसस्टँडवर वज्रेश्वरीच्या बसला थांबवावं तसे हात दिसत असणार. त्याच वेळी आतलं दार उघडलं. ही बाहेर आली, हेडफोन गळ्यात. एवढी माणसं, घटापुढं उभे चाचा, शटर ओढून आलेला चहावाला, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. दुसऱ्यांदाही आवाजानंच घात केला, आणि या वेळी तो आवाज मी गोळा करून आणला होता.

"लूम चालू करायला सांगा," ती म्हणाली.

"अगं, अजून एक तास सहा मिनिटं आपली आहेत."

"अहो, चालू करा. चाचा, माफ करना, आपको पहले बताना था. और सबको चाय पिलाइए." शेवटचं माझ्यासाठी होतं. ती आत गेली. लूम एकेक करून सुरू झाले, चाचा झोपायला वर गेले, बाकीच्यांना मी चहा पाजला. त्यानंतर आतलं काहीही ऐकू आलं नाही.

पावणेएकला ती बाहेर आली. ती पाणी प्यायली आणि मगच तिनं सांगितलं.

त्यांनी तिला विचारलं होतं, ठरवून काही बंद केलं आणि अंदाज चुकला, असं कधी झालं का? तिच्याकडं बँकेच्या सिस्टीमचं पाठ केलेलं उदाहरण होतं. तेवढ्यात बाहेरून 'किसका इंतकाल हुआ' ऐकू आलं. "मी म्हटलं, जुनं कशाला, आत्ताचंच सांगते. तुमच्यासाठी सोळा यंत्रं थांबवली आहेत. वेळ ठरली, परवानगी झाली, नुकसान आमच्या फायनान्स विभागानं पैशापर्यंत मोजलं."

"फायनान्स विभाग?"

"तुम्ही. फक्त ज्यांचं त्या यंत्रांवाचून अडतं त्यांना कोणी कळवलं नाही. मग त्यांनी विचारलं, आता काय कराल? म्हटलं, एक मिनिट द्या, आणि बाहेर आले."

"आणि नंतरचा आवाज?"

"त्यांना आधीच माहीत होतं तो कशाचा ते. त्रास नाही झाला."

"बुधवारी तू कळवायचं म्हणाली होतीस," मी म्हणालो. "मी बरोबरची खूणही केली होती."

"मला वाटलंच, केली असेल."

दोन गुरुवार गेले. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी दुपारी फोन आला. ती बोलत असताना मी दारातच होतो. पलीकडच्या माणसानं आधी विचारलं, "यंत्रं चालू आहेत ना?" ती म्हणाली, "चालू आहेत," आणि मग बराच वेळ फक्त "हो" आणि "थँक यू" म्हणत राहिली. जागा तिला मिळाली. फोन ठेवून ती घटापुढं जाऊन बसली, आणि थोड्या वेळानं मला हाक मारून म्हणाली की चपला दारात आडव्या पडल्या आहेत.

उरला हिशेब. लूम प्रत्यक्षात चोवीस मिनिटं बंद होते. त्याचे एकशे सत्त्याऐंशी रुपये वीस पैसे होतात. ते घेऊन मी शेठकडं गेलो तर त्यांनी हात जोडले. घरी आल्यावर ही म्हणाली, "कबूल दीड तास केला होता. लूम मध्येच सुरू करायला लावले आपणच. कबूल केलं तेवढं द्यायचं." साठ माणसांची साहेब झाल्यापासून तिच्याशी वाद घालणं आणखीच अवघड झालं आहे. ती पेढे आणि सातशे दोन रुपये घेऊन स्वतः गेली, मी मागून. भाभीला नाही म्हणणं शेठना जमलं नाही. त्यांनी पैसे चाचांच्या हातात दिले.

चाचांनी ते मोजले. दोन्ही कारागिरांना बोलावून प्रत्येकी साडेतीनशे दिले. उरलं दोन रुपयांचं नाणं. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून माझी मूठ मिटली.

"मुनीमजी, बिजली का."

शेठ खिडकीबाहेर बघत होते. ते दोन रुपये मी घेतले.