पाऊणदाढीचा बोगदा

माझ्या धाकट्या भावाला सगळं गाव पाऊणदाढी म्हणतं. त्याला त्याचं वाईट वाटत नाही, मग मला वाटून काय उपयोग? वडिलांचं सलूनचं दुकान त्याने चालवलं, मी कॉलेजात गेले आणि पुढे जन्मभर मुलांना गणित शिकवलं. आमच्या दोघांत जास्त शहाणा कोण, हा प्रश्न मला विचारू नका. उत्तर मला आवडत नाही.

दुकान होतं फलाटावर. रेल्वे तेव्हा अगदी समुद्राला चिकटून जायची. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दगडी भिंत, भिंतीपलीकडे पाणी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आमचा छोटा थांबा. तिकिटाची खिडकी, एक बाकडं आणि भावाचं दुकान. दुकानात एकच खुर्ची. समोरच्या आरशात सिग्नल दिसायचा. सिग्नलचा हात पडला की भाऊ म्हणायचा, "आली हं!" आणि वस्तरा दुप्पट वेगाने चालायचा. तरी दाढी पुरी होईलच असं नाही. गाडी शिटी मारायची, गिऱ्हाईक गळ्यातला कपडा भिरकावून धावायचं, आणि एका गालाचा कोपरा फेसासकट शहरात जायचा. संध्याकाळच्या गाडीने माणूस परत आला की उरलेलं काम भाऊ फुकट करून द्यायचा. नाव त्यातूनच पडलं.

पण त्यातही त्याची एक पद्धत होती. शहराकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो, म्हणून तो आधी उजवा गाल करायचा. "लोकांना गुळगुळीत बाजू दिसू दे, ताई," तो मला म्हणायचा, "समुद्राला दाढीचं काय पडलंय?"

एवढं सुरळीत चाललं होतं आणि भिंत खचायला लागली. दर मोठ्या भरतीला दगड निखळायचे, रूळ खारट पाण्यात जायचे, गाड्या बंद पडायच्या आणि रेल्वे पुन्हा भिंत बांधायची. पुन्हा पाणी, पुन्हा भिंत. हा खर्च रेल्वे करते, असं लोक म्हणायचे, जणू रेल्वे म्हणजे कोणी श्रीमंत आत्याबाई. अहो, पैसा तुमचाआमचाच. शेवटी रेल्वेने विचार मांडला की रूळ समुद्रावरून उचलावेत आणि डोंगरातून बोगदा काढावा. खर्च अवाढव्य. तो सगळ्या मार्गावरच्या प्रत्येक तिकिटावर थोडा थोडा लावून वसूल करायचा. आणि बोगदा झाला की आमचा थांबा बंद.

थांबा बंद म्हणजे दुकान बंद. भाऊ त्या दिवशी जेवला नाही. भावजय माझ्याकडे आली.

"वन्सं, यांना काहीतरी सांगा. घोटभर चहासुद्धा घेत नाहीत. म्हणतात, या वयात दुसरीकडे खुर्ची मांडून मी काय करू? गावात कोण बसणार आहे निवांत दाढी करायला? गाडी पकडायची घाई असते म्हणून तर लोक माझ्याकडे येतात."

खरं होतं ते. त्याचं सगळं कसब घाईवर उभं होतं.

मग नोटीस लागली. निर्णयाआधी रेल्वे आठवडाभर प्रत्येक थांब्यावरचे प्रवासी मोजणार होती. नोटीस वाचून भाऊ एकदम ताठ झाला. हेडमास्तरांना दुकानात बोलावलं. हे हेडमास्तर म्हणजे गावातली सगळ्यात भारदस्त मिशी. तिच्यामागे माणूसही होता, पण लोक आधी मिशीला नमस्कार करायचे.

"मोजायला येतायत ना? मोजू दे," भाऊ म्हणाला. "इतकी माणसं दाखवू की थांब्याला हात लावायची छाती होणार नाही."

"माणसं आणायची कुठून?" हेडमास्तर.

"आहेत तीच पुन्हा पुन्हा चढवायची. पुढच्या थांब्यावर उतरायचं, उलट्या गाडीने परत यायचं, पुन्हा चढायचं."

"ओळखतील की!"

भावाने वस्तरा उचलून पात्यावर बोट फिरवलं. "ओळखू द्यायला मी इथे कशाला बसलोय?"

झालं. त्या आठवड्यात माझ्या भावाने जे केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाला सुचलं नसतं. दाढीवाल्यांना पहिल्या फेरीला दाढीसकट पाठवलं, दुसऱ्या फेरीला फ्रेंचकट, नंतर नुसती मिशी, मग तुळतुळीत गाल. एकाच माणसाची चार माणसं. डोक्याचे भांग इकडचे तिकडे झाले, काहींचे तर भांग पाडायला केसच उरले नाहीत. बेकरीवाला टकलू होऊन घरी गेला तेव्हा कुत्रं त्याच्यावर भुंकलं. बायकाही मागे नव्हत्या. भावजय शेजारणींच्या साड्या, ओढण्या आणि चष्मे बदलून द्यायची. मलाही आग्रह झाला. मी म्हटलं, माझे गुडघे आहेत तेवढेच पुरे, मला चढउतार करायला सांगू नका.

शेवटच्या दिवशी हेडमास्तर खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "काढ." मिशी गेली. संध्याकाळी त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, "हेडमास्तर घरी नाहीत."

मोजायला आलेली मुलगी मात्र गुणी होती. फलाटावरच्या बाकड्यावर बसायची, हातात एक छोटं यंत्र, माणूस चढला की टिक. भावजयेने तिला चहा नेऊन दिला आणि हळूच विचारलं, "काय गं बाळ, ओळखीचे चेहरे दिसतात का फार?"

"चेहरे कोण बघतंय काकू? मी डोकी मोजते."

म्हणजे सगळ्या गावाची हजामत विनाकारण झाली होती. भावाला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. स्वतःच्या खुर्चीत तो कधी बसत नाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या सभागृहात रेल्वेची जाहीर सभा झाली. एक इंजिनियर आला होता, सभ्य, घामाघूम, पडद्यावर आकडे दाखवत. समोर आमचं गुळगुळीत गाव. कोणाच्या गालावर खुंट, कोणाच्या डोक्यावर.

"तुमचं अभिनंदन," इंजिनियर म्हणाला. "या थांब्यावर एवढे प्रवासी असतील याची आम्हाला कल्पनाच नव्हती."

टाळ्या. भावाने मागे वळून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"खरं सांगायचं तर बोगद्याचा खर्च आम्हालाच जड वाटत होता. थोड्या प्रवाशांसाठी जनतेचा एवढा पैसा घालायचा कसा? पण आता प्रश्नच मिटला. इतक्या माणसांचा जीव त्या खचत्या भिंतीच्या भरवशावर ठेवता येणार नाही. बोगदा मंजूर होणार."

काही जणांनी सवयीने पुन्हा टाळ्या वाजवल्या, मग त्या मध्येच थांबल्या. जितकी माणसं जास्त तितका खर्च रास्त, हे साधं त्रैराशिक. गावात गणिताची बाई बसलेली असून तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

हेडमास्तरांनी ओठावरच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझी मिशी बोगद्याला लागली?" ते कुजबुजले. त्यांची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते.

भाऊ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. मला कळलं, हा आता सगळं सांगून टाकणार. आकडे खोटे आहेत, पुन्हा मोजा. तो तसाच आहे, पोटात काही राहत नाही.

"साहेब, एक चूक झालीय..."

"एक मिनिट हं, माझं वाक्य राहिलं," इंजिनियर म्हणाला. "एवढी गर्दी असताना थांबा बंद करणं शक्यच नाही. बोगद्याच्या तोंडाशी नवं मोठं स्टेशन होईल. सरकते जिने, प्रतीक्षालय, दुकानं. आत्ता फलाटावर ज्यांचं दुकान आहे त्यांचा नव्या दुकानावर पहिला हक्क, आत्ताच्याच भाड्यात."

भाऊ तोंड उघडं ठेवून उभा. भावजयेने मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि खाली ओढलं. "बसा."

"तुम्ही काहीतरी म्हणत होता?" इंजिनियरने विचारलं. "चूक?"

भावाने एकदा छताकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. "पंखा," तो म्हणाला. "पंखा चुकीच्या बाजूला लावलाय. वारा तुम्हाला लागत नाही."

"हो ना, फार उकडतंय," इंजिनियर मनापासून म्हणाला.

घरी येताना मी त्याला सोडलं नाही. "आत्ता जाऊन सांग. लोकांच्या पैशाने ते राजवाडा बांधतील."

"बांधू दे की ताई. भिंत तरी किती वर्षं पोसायची?"

"बोगदा ठीक आहे. पण सरकते जिने? आपल्या गावाला?"

"तुझ्या गुडघ्यांना होतील," तो म्हणाला.

बोगदा झाला. माझं मत विचाराल तर व्हायलाच हवा होता. भरतीला पैसे चारण्यापेक्षा डोंगराला एकदाच दिलेले बरे. पण स्टेशन! एवढा लांब फलाट की गाडीचे निम्मे डबे रिकाम्या जागेसमोर थांबतात. सकाळी नेहमीचीच मूठभर माणसं त्यावर पांगलेली असतात आणि सरकता जिना एकट्या बेकरीवाल्याला घेऊन वर जातो. प्रत्येक तिकिटावर बोगद्याचा अधिभार आहे, आणि तो ज्यांनी आमचं गाव कधी पाहिलंही नाही तेही भरतात. मी जाते तेव्हा माझे गुडघे घेऊन त्याच जिन्यावर उभी राहते.

भावाचं दुकान आता काचेच्या दाराचं आहे. गाड्या वेळेवर येतात आणि तिथून सिग्नल दिसत नाही, म्हणून त्याने भिंतीवर घड्याळ लावलंय. गेल्या आठवड्यात मी तिथे टेकले होते. खुर्चीत शहरातला कोणी कारकून, कामाला इथे आलेला आणि परतीच्या गाडीला थांबलेला. तोंडावर फेस, तरी जीभ थांबेना.

"तिकीट पुन्हा वाढलं, वाचलं का? मी म्हणतो, बोगदा समजू शकतो. पण हे स्टेशन बघा! इथे काळं कुत्रं फिरकत नाही. कोणी दिला असेल हो यांना इतक्या माणसांचा आकडा? सांगा ना, तुम्ही तर इथलेच!"

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या हेडमास्तरांनी पेपर जरा वर धरला. भावाने वस्तरा पुसला, गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि अतिशय मृदू आवाजात म्हणाला, "मान सरळ ठेवा साहेब. बोलू नका, लागेल."