मंगळवारच्या शिलाईवाल्या बाई

हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी मनोविकार विभागाची सिस्टर आहे. विभाग म्हणजे एक खोली, एक कपाट आणि मी. डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. किस्से मात्र रोज येतात. एक पुरता ऐकावा, तर दुसरा दारात उभा!

दारावर 'मानसिक आरोग्य' अशी पाटी आहे. तिच्याखाली कोण उभं राहणार? लोक शेजारच्या दातांच्या रांगेत बसतात आणि नजर चुकवून आत शिरतात. एकदा दातांच्या डॉक्टरांनी आमचाच पेशंट खुर्चीत बसवला. दात ठणठणीत!

"मग दुखतंय काय?"

तो बिचारा आ वासूनच म्हणाला, "साहेब, झोप न्हाई येऊन राहिली."

*

कुठेही माणूस कमी पडलं की पहिली उचलबांगडी माझी. "तुमच्याकडे काय, नुसत्या गप्पाच तर असतात!" असं ऐकलं की डोकं फिरतं माझं. एकदा मला लसीकरणाला पिटाळलं आणि खोलीत शिपाई शंकरमामांना बसवलं. परत आले तर एक आजी डोळे पुसत बाहेर पडत होत्या.

"मामा, काय बोललात त्यांना?"

"काईच न्हाई. त्या बोलत व्हत्या, मी व्हय व्हय म्हनत व्हतो."

पुढच्या आठवड्यात आजी आल्या, मला बघून दारातच थांबल्या. "तुमी नको. ते डॉक्टर कुटं गेले?"

*

औंढ्याजवळचा एक तिशीतला पेशंट गोळी घ्यायचा नाही. लपवून देऊ नका, असं त्याच्या आईला मी दहादा बजावलं होतं. तरी तिने दुपारी त्याच्या वाटीतल्या वरणात गोळ्या कुस्करल्याच. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सिस्टर, घरचे सगळे आडवे पडलेत. म्हशीची धार मीच काढली. त्यांला माझी गोळी चालंल का?"

त्याचा सोमवारचा उपास होता; वाटी त्याने परत पातेल्यात ओतली आणि ते वरण बाकीच्यांनी खाल्लं! मी ॲम्ब्युलन्स पाठवली. सगळे धड निघाले.

*

कनेरगाव नाक्याची सुमन लग्नाआधीपासून गोळ्या घेते. सासूला कळलं तर कायमची माहेरी धाडतील, ही तिची धास्ती. एकदा त्या भीतीने गोळ्या सोडल्या, तर महिनाभर अंथरुणातून उठली नाही. म्हणून तिच्या मोबाइलमध्ये मी 'शिलाईवाल्या बाई'. महिन्यातून एका मंगळवारी ती ब्लाउज टाकायला म्हणून येते.

मागच्या महिन्यात ती आलीच नाही. गोळ्या संपल्या असणार. न राहवून फोन लावला, तर सासूने उचलला.

"कोन?"

"शिलाईवाली."

"किती ब्लाउज शिवता वो तुमी!" आणि फोन कट.

आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आपल्या एका फोनने पोरीचा संसार मोडला, एवढंच डोक्यात. पुढच्या मंगळवारी सासू स्वतःच दारात! पिशवीतून आधी ब्लाउजपीस काढला, मग दवाखान्याच्या शिक्क्याचं गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"सुनेला ताप हाये. तिच्या गोळ्या द्या."

मी पाकीट हातात घेतलं. "घरी काय सांगून आलात?"

"ब्लाउज टाकायला चालले म्हनून."

मग तिने दार लोटलं, खुर्ची ओढून बसली.

"आता माजा बी केसपेपर काढा. पर सुमनला कळू देऊ नका!"