टायरच्या दुकानावरची बोला-लाईन

नोकरी चालू असते तेव्हा किस्सा डोकेदुखी म्हणून येतो. आपण चिडतो, धावपळ करतो, घरी जाऊन ताटावर बसल्या बसल्या कुरकुर करतो. मग काही वर्षं जातात. एखाद्या दिवशी हायवेवरच्या टपरीत चहा पिताना कोणीतरी म्हणतं, "आठवते काय ते?" आणि मग चहा थंड होतो, पण बोलणं थांबत नाही. आमच्याकडे असे इतके साचले आहेत की आता कोणता कुणी सांगायचा यावरूनही भांडण होतं.

आम्ही म्हणजे बोला-लाईनची चार माणसं. पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद रस्त्यावर एका टायरच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. खाली ट्रकच्या चाकांत हवा भरत असायचे, वर आम्ही हेडफोन लावून बसलेलो. काम तसं सोपं. ज्याला लिहिता येत नाही, साहेबासमोर उभं राहायची ज्याची हिंमत होत नाही, त्याने साध्या फोनवरून आमच्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. आमचं कॉम्प्युटर त्याला परत फोन करायचं, त्याच्याच बोलीत 'बोला' म्हणायचं आणि तो सांगेल ते रेकॉर्ड करून ठेवायचं. आम्ही ते ऐकायचो, लिहून काढायचो आणि त्याला विचारून ग्रामसभेत स्पीकरवर लावायचो.

संगीताताई आमच्या प्रमुख. आधी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे आम्ही सगळे जन्मभर त्यांचे विद्यार्थीच राहिलो. प्रकाश राठोड बंजारा तांड्यावरचा, गोरबोलीतले, म्हणजे बंजारा बोलीतले फोन त्याच्याकडे. लक्ष्मी आत्राम झरी जामणीकडच्या पोडावरची. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलामी आणि गोंडी दोन्ही तिला येत. आणि मी वैशाली, लोहाऱ्याची, कॉम्प्युटर सांभाळणारी. ताईंचा नियम एकच होता. आवाज ज्याचा, त्याला विचारल्याशिवाय तो कुठेही वाजवायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात लाईन बिघडली असं मला वाटलं. एका पोडावरून रोज फोन यायचा. आधी शांतता, मग एका म्हाताऱ्या माणसाचे दोन-तीन शब्द, पुन्हा बराच वेळ शांतता आणि फोन बंद. मी वायर बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. काही फरक नाही. शेवटी लक्ष्मीने हेडफोन लावला आणि ती हसायलाच लागली.

"ताई, लाईन चांगली आहे. आजोबा मले विचारून राह्यले, जेवली काय म्हणून. मी काही बोलत नाही, म्हणून ते थांबले."

सुरुवातीची सूचना लक्ष्मीच्या आवाजात होती. आजोबांना वाटलं, पोरगी फोनवर बसली आहे. आणि समोरच्याला जेवणाचं विचारल्याशिवाय कामाचं काय बोलायचं? मला हे गोड वाटलं, पण संगीताताई गंभीर झाल्या. "माणूस समजून तो मशीनशी बोलून राह्यला. हे बरोबर नाही. त्याले खरं सांगा." मग लक्ष्मीने कोलामीत नवी सूचना भरली. हे मशीन आहे, माझा आवाज आधीच भरून ठेवला आहे, मी जेवली, आता तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी हातपंपाची सगळी हकीकत सांगितली. कधी बंद पडला, कोण पाहून गेलं, बाया कुठून पाणी आणतात. सगळं झाल्यावर थोडं थांबून त्यांनी विचारलं, "काय जेवली?"

राठोडचा किस्सा त्याच्यासमोर सांगायला जास्त मजा येते. एकदा गोरबोलीतला एक फोन ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्याने हेडफोन काढला, पाणी प्यायला, पुन्हा लावला.

"काय झालं, राठोड?"

"याडी आहे माही," तो म्हणाला. याडी म्हणजे आई.

तांड्यावरचा दिवा बंद पडला होता. त्याची तक्रार त्याच्या आईने केली होती, आणि दिव्यापेक्षा पोराबद्दल जास्त बोलली होती. पोरगा तालुक्याले बसून साऱ्या दुनियेची गाऱ्हाणी ऐकते, पण घरासमोर अंधार आहे ते त्याले दिसत नाही. त्याने ताईंना विचारलं, यातलं दिव्याचं तेवढं ठेवू का?

ताई म्हणाल्या, "दुसऱ्या कोण्या बाईचा फोन असता तर कापला असता काय?"

राठोडने शब्द न् शब्द लिहून काढला. नियमाप्रमाणे आईला फोन करून परवानगीही त्यालाच मागावी लागली. गोरबोलीतले फोन तोच करायचा ना. "ग्रामसभेत लावू का?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "लाव. अन् आवाज मोठा ठेवजो."

झरी जामणीकडच्या एका गावात मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी यायची. गावाबाहेर एक मोठा दगड होता, त्यावर चढून उभं राहिलं की दोन काड्या दिसत. आमची पंचाईत वेगळीच होती. आम्ही सगळीकडे सांगत फिरायचो की तुमचं बोलणं गुप्त राहील, आणि इथे तर बाई दगडावर चढून बोलते आणि खाली पाचपंचवीस माणसं नंबर लावून उभी.

त्या गावातून अंगणवाडीबद्दल फोन यायला लागले. बहुतेक दिवस कुलूप असायचं आणि लेकरं पायरीवर बसून परत जायची. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एकटी बाई होती, दबक्या आवाजात. पुढच्यात तिच्या मागे कोणीतरी 'हो, हो' म्हणत होतं. त्याच्या पुढच्यात मागची माणसं बोलणाऱ्याला मुद्दे सांगत होती. "ते खाऊचं सांग. अरे, पोषण आहाराचं राह्यलं." आणि मग अचानक फोन बंद झाले. एकही नाही.

आम्हाला वाटलं, कोणी धमकावलं. ताई, लक्ष्मी आणि मी जीप करून गेलो. बाया अंगणवाडीच्या समोरच भेटल्या. दार उघडं होतं, आतून लेकरांचा गलका येत होता.

"तुम्ही फोन काहून बंद केला?" लक्ष्मीने विचारलं.

"कायले करू आता?" त्यातली एक म्हणाली. "तिथं उभ्या राहून साऱ्या जणीईले कळलं का सगळ्याईचं दुखणं एकच आहे. मंग आम्ही मिळून तालुक्याले गेलतो. तुमची लाईन लागेपर्यंत आमचीच मिटिंग झाली."

परतताना ताई जीपमध्ये म्हणाल्या, "आपली लाईन अशीच बंद पडली पाहिजे, वैशाली."

छोट्या गावात आवाज म्हणजे चेहराच. नाव लपवलं तरी दोन वाक्यांत लोक ओळखतात. एका बाईने रेशन दुकानाची तक्रार केली, धान्य कमी मोजतात म्हणून. तिने रडूनच सांगितलं होतं, माहं नाव कळलं तर माहं धान्यच बंद होईल. तेव्हा संगीताताईंनी तिला विचारून तिचं सगळं बोलणं स्वतःच्या आवाजात पुन्हा भरलं आणि ते ग्रामसभेत लावलं.

दोन दिवसांनी दुकानदार माडी चढून वर आला. धिप्पाड माणूस. खुर्चीही मागितली नाही.

"आवाज कोणाचा आहे ते सांगा."

"माझा," ताई म्हणाल्या.

तो चकित झाला. ताईंनी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. खरंच त्यांचाच आवाज होता.

"पण तुमचं तर आमच्या दुकानात कार्डच नाही."

"नाही ना. पण धान्य कमी मोजते हे खोटं आहे काय, तेवढं सांगा. खोटं असंल तर पुढच्या ग्रामसभेत माझ्याच आवाजात माफी मागतो मी."

खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू होता, त्यामुळे फार शांतता झाली असं म्हणता येणार नाही. दुकानदार जिन्यापर्यंत गेला, परत फिरला. "वजनकाटा जुना आहे," म्हणाला. "काटा बदला मग," ताई म्हणाल्या. काटा बदलला. ती बाई कोण हे राठोडला, लक्ष्मीला आजही माहीत नाही. मला माहीत आहे, कारण रेकॉर्डिंग मीच साठवलं होतं. पण मी सांगत नाही, आणि ते दोघंही विचारत नाहीत.

नंतर नंतर शहरातून पाहुणे यायला लागले. त्यात एका कंपनीचा तरुण मुलगा आला होता. चांगला होता, नम्र होता, पायऱ्यांवर चपला काढून वर आला. त्याला कोलामीतले आमचे सगळे आवाज हवे होते. त्यांचं मशीन त्यावरून कोलामी शिकणार होतं. तो म्हणाला, "यामुळे तुमची भाषा टिकेल."

"आमच्याकडे आवाज ठेवायले दिले आहेत," ताई म्हणाल्या. "ज्यांचे आहेत त्यांना विचारा."

त्याला वाटलं, कुठेतरी सही घ्यायची असेल. आम्ही त्याला पोडावर नेलं. सगळे मोहाच्या झाडाखाली बसले. तो मराठीत सांगायचा, लक्ष्मी कोलामीत. त्याने खूप छान समजावलं. मशीन कसं ऐकतं, कसं शिकतं, पुढे कसं बोलायला लागेल. ऐकून सोमीबाई नावाची एक म्हातारी काहीतरी म्हणाली आणि सगळे त्याच्याकडे पाहायला लागले.

लक्ष्मीने मराठीत सांगितलं, "ती विचारते, मशीन आमची बोली शिकलं, तर ते आमच्याशी बोलंल, का आमच्याबद्दल बोलंल?"

मुलगा खरं तेच बोलला. "हे मला कोणी विचारलं नव्हतं," म्हणाला. "मी विचारून सांगतो." निघताना पोडाने त्याला अटी सांगितल्या: मशीन आधी आमच्याशी बोललं पाहिजे, आणि काय द्यायचं ते आम्ही ठरवू. तो खरंच परत आला, बऱ्याच दिवसांनी, आणि त्या अटी कंपनीकडून मान्य करून आला. मग पुन्हा त्याच झाडाखाली बैठक बसली. काय द्यायचं, काय नाही, यावर बराच वाद झाला. निकाल सोमीबाईनेच दिला. "गाणी द्या. गोष्टी द्या. भांडणंही द्या, बोली भांडणातच चांगली येते. रडलेलं देऊ नका."

ते सगळं वेगळं काढायला मला आणि लक्ष्मीला पूर्ण उन्हाळा लागला. आजही डोळे मिटले की तिच्या बाजूला बसून ऐकलेली ती भांडणं कानात येतात. मला कोलामीत दुसरं काही येत नाही, पण भांडता येईल.

आता बोला-लाईन नाही. प्रत्येकाकडे स्मार्टफोन आले, प्रत्येक गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. त्यात लग्नाच्या पत्रिका येतात, फुलांचे फोटो येतात, भांडणंही होतात. माडीवर आता टायरवाल्याने माल भरून ठेवला आहे. मागे एकदा पांढरकवड्याहून जाताना मी वर जाऊन आले. माझ्या टेबलाच्या जागी ट्रकचे टायर रचलेले होते. खिडकी मात्र तीच, काचेवर लक्ष्मीने चिकटवलेली टिकली अजून तशीच. मी तिथे थोडा वेळ उगाच उभी राहिले.

भेटलो की शेवटी कमलबाईंचा किस्सा निघतोच. तो राठोड सांगतो, कारण स्पीकर त्याच्या हातात होता.

कमलबाई आमच्याच तालुक्यातल्या एका गावच्या. गावात नळयोजना आली. सगळ्या गल्ल्यांत पाईप गेला आणि बौद्ध वस्तीच्या अलीकडच्या वळणावर येऊन थांबला. पाईप संपला, असं सांगण्यात आलं. आज त्या वस्तीत नळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तेव्हा नव्हता, आणि कमलबाईंचा नवरा उपसरपंचाच्याच वावरात कामाला होता. ताईंनी त्यांनाही विचारलं, माझ्या आवाजात भरू का? त्या म्हणाल्या, "नाही. माहाच लावा. फक्त मले उभं राहा म्हणू नका. मी मागं बसून राहीन."

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. पुढे सरपंच, बाजूला उपसरपंच, समोर माणसं आणि पार मागे भिंतीला टेकून बाया. राठोडने स्पीकर लावला. कमलबाईंचा आवाज व्हरांडाभर झाला.

"पाईप संपला म्हणते. आम्ही मानलं. संपला असंल. पण मंग एक दिवस मी सरपण आणाले गेलतो, तं त्याच पाईपाचे तुकडे मले दिसले. नवे, तसेच निळे. अन् कुठं दिसले, तं..."

आणि स्पीकरची चार्जिंग संपली.

राठोडने बटण दाबलं. स्पीकर हलवला, उलटा केला. काही नाही. सगळी सभा त्याच्याकडे पाहत होती. उपसरपंचाने खिशातून रुमाल काढला. कोणीतरी म्हणालं, "चला, पुढचा विषय घ्या." राठोड पिशवीत पॉवर बँक शोधत होता आणि त्याला ती सापडत नव्हती. ताई उठायला लागल्या.

तेवढ्यात मागून, भिंतीपासून, तोच आवाज आला.

"तं कुठं दिसले, ते सांगतो मी."

माना वळल्या. कमलबाई उभ्या होत्या. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला, आवाज मात्र सरळ. त्या बोलत राहिल्या. कोणाचं वावर, कोणती विहीर, पाईप कुठून कुठे गेला, सगळं.

इकडे राठोडला पॉवर बँक सापडली. त्याने घाईघाईत वायर खुपसली. स्पीकर टुंग करून सुरू झाला आणि मोठ्याने म्हणाला, "अन् कुठं दिसले, तं..."

सरपंचांनी हात वर केला.

"ते बंद करा, भाऊ. बाई बोलून राह्यल्या."